तो, मी आणि त्याचं लिव्हर

लिव्हरचं दुखणं आहे असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘घेतो का?’ काही जण तोंडाने विचारतात, काही जण नुसत्या भुवयांनी. हार्टचा त्रास झाला की माणूस ‘बिचारा, किती स्ट्रेस असेल!’ लिव्हरचा झाला की ‘केलं असेल काहीतरी!’

माझा नवरा घेत नाही. थर्टी फर्स्टला लिंबू-सोडा पिऊन बाकी सगळ्यांना घरी सोडणारा तो आमच्या ग्रुपचा ऑफिशियल ड्रायव्हर होता. त्याला जो आजार आहे त्याचं नाव प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, शॉर्टमध्ये पीएससी. (‘एमपीएससी, यूपीएससी जमलं नाही, म्हणून हे’ हा त्याचा स्वतःचा जोक. आता झिजलाय, पण नवीन पाहुण्यांसमोर अजून चालतो.)

पीएससी म्हणजे काय? लिव्हरमध्ये पित्त तयार होतं आणि बारीक बारीक नळ्यांमधून ते आतड्यात उतरतं. या पित्तनलिकांना आतून सूज येते, व्रण धरतात आणि त्या जागोजागी आवळत जातात. एमआरसीपी नावाच्या स्कॅनमध्ये त्या माळेतल्या मण्यांसारख्या दिसतात. आवळलेल्या, फुगलेल्या, पुन्हा आवळलेल्या. पित्त तुंबतं आणि वर्षानुवर्षं तुंबत राहिलं की लिव्हर कडक होत जातं. म्हणजे सिरॉसिस, एक थेंबही न घेता. कारण नक्की कुणालाच सापडलेलं नाही. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती यात गुंतलेली असते, एवढं दिसतं. पुष्कळ पेशंट्सना जोडीला आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिसही असतो. बायकांपेक्षा पुरुषांमध्ये जास्त, आणि लक्षात येतो तो बहुतेकदा तिशी-चाळिशीत. म्हणजे होम लोन नुकतं सुरू झालेलं असतं आणि दोन्हीकडच्या आया ‘गुड न्यूज कधी?’ विचारत असतात, नेमका तेव्हा.

औषधाचं म्हणाल तर अर्सो नावाच्या गोळ्या बऱ्याच जणांना दिल्या जातात. रिपोर्टमधले आकडे त्यांनी खाली येतात, पण आजार थांबतो असं सिद्ध झालेलं नाही. उलट अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ट्रायलमध्ये जास्त डोस घेणाऱ्यांचं नुकसानच झालेलं दिसलं. त्यामुळे ‘डोस वाढवून बघू या का?’ हा प्रश्न आपल्या मनाने सोडवायचा नाही. शेवटचा उपाय लिव्हर ट्रान्सप्लांट. तोही कधी लागेल, पाच वर्षांनी की वीस, हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

दिसतो तर मस्त!

२०२२ मध्ये त्याच्या हिंजवडीतल्या कंपनीचं वार्षिक हेल्थ चेकअप झालं. नाश्त्याचं कूपन मिळतं म्हणून सगळे जातात, तसा तोही गेला. रिपोर्टमध्ये एकच आकडा ठळक अक्षरात होता. अल्कलाइन फॉस्फटेज, नॉर्मलच्या तिप्पट. तेव्हा त्याला काहीच होत नव्हतं. रविवारी सिंहगड चढून, वर पिठलं-भाकरी खाऊन येत होता. मग सोनोग्राफी, मग एमआरसीपी, मग कोलोनोस्कोपी. आमच्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

या आजारात माणूस आजारी ‘दिसत’ नाही. केस जात नाहीत, प्लास्टर नसतं. ‘अरे, दिसतोस तर मस्त, वजनही कमी केलंस!’ हे कॉम्प्लिमेंट ऐकून तो हसतो आणि मला पोटात खड्डा पडल्यासारखं होतं. ते वजन त्याने केलेलं नसतं, ते गेलेलं असतं.

थकवा हा यातला सगळ्यात गैरसमजाचा प्रकार. आपण सगळेच शुक्रवारी दमलेले असतो. पण आठ तास झोपून उठलेला माणूस ब्रश करून पुन्हा पलंगावर बसतो, तो थकवा वेगळा. पहिल्या वर्षी यावरून आमची भरपूर भांडणं झाली. आता शनिवारचा नियम आहे, एका दिवसात एकच गोष्ट. नाटक तर नाटक. त्याच्या आधी लक्ष्मी रोड आणि नंतर कुणाकडे जेवण, असलं पॅकेज बंद.

आणि खाज. याबद्दल कुणीच बोलत नाही, कारण ऐकायला ते किरकोळ वाटतं. अंगावर पुरळ नाही, काही नाही, कातडी वरून स्वच्छ, आणि आतून मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखी खाज. तळहात-तळपाय सगळ्यात वाईट, आणि वेळ रात्रीची. रात्री दोनला शेजारचा माणूस कंगव्याने तळपाय खाजवत बसलेला असतो. यावर औषधं आहेत. कोलेस्टिरामिनची पावडर पाण्यात कालवून घेतात. ती बाकीची औषधंही धरून ठेवते, म्हणून दोन्हींत चार तासांचं अंतर. आमच्या फ्रिजवर त्याचं टाइमटेबल आहे. तेवढ्याने भागलं नाही तर रिफाम्पिसिनही देतात, टीबीसाठी वापरतात तेच. त्याने लघवी केशरी होते. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर पहिल्या सकाळी बाथरूममधून येणारी हाक फार घाबरवणारी असते! बाकी सुती चादर, गार पाण्याने अंघोळ, कापलेली नखं आणि पाचवर पंखा. त्या पंख्यापायी मी सध्या दुसऱ्या खोलीत झोपते. सासूबाई राहायला आल्या तेव्हा दोन दिवस बारीक नजरेने बघत होत्या. तिसऱ्या दिवशी चहा गाळता गाळता म्हणाल्या, ‘काही बोलाचाली झाली का गं तुमची?’

दर तापाला डेंग्यू समजू नका

पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये कुणालाही ताप आला की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पपईच्या पानांचा रस सुरू होतो. पीएससीवाल्या घराला मात्र हा उशीर परवडत नाही. हुडहुडी भरून ताप, डोळे पिवळे, उजव्या बरगडीखाली दुखणं. तिन्ही एकत्र असतील तर तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झालाय असं समजायचं. तिन्ही नसले आणि नुसती थंडी वाजून ताप असला तरी सकाळपर्यंत थांबायचं नाही. शिरेतून अँटिबायोटिक्स द्यावी लागतात. कधीकधी ईआरसीपी करतात, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आवळलेली नळी फुग्याने रुंद करतात किंवा तात्पुरता स्टेंट ठेवतात.

आमच्याकडे हे दोनदा झालंय. त्यानंतर कपाटात एक सॅक कायम भरलेली असते. फाइल, मेडिक्लेमचं कार्ड, चार्जर, त्याचे कपडे आणि माझ्यासाठी शाल (कॅज्युअल्टीत एसी फार असतो). सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे फोनमध्ये. पीएससी हा दुर्मिळ आजार आहे. रात्री दोन वाजता ड्यूटीवर असलेल्या तरुण डॉक्टरने कदाचित तो पुस्तकातच पाहिलेला असतो. म्हणून मी एक वाक्य पाठ केलंय: ‘पित्तनलिका आवळलेल्या आहेत, याआधी कोलँजायटिस झालाय, शेवटची ईआरसीपी अमुक तारखेला.’ हे म्हटलं की पुढची दहा मिनिटं वाचतात.

दुसरं वाक्य पेनकिलरबद्दलचं. सिरॉसिस असेल तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांच्यापासून लांब राहायचं. त्यांनी किडनीवर ताण येतो, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालतं, पण किती ते आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून लिहून ठेवायचं. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली तर फोनाफोनी करत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल.

माळ, गुळवेल आणि मावशी

कावीळ म्हटलं की आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात एक ‘औषध देणारा’ असतो. गळ्यात घालायची माळ, जी रोज थोडी थोडी लांबत जाते आणि कावीळ ‘उतरते’. चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे, पाणी पिवळं झालं की कावीळ निघाली. आमच्या एका मावशींनी तर सोमवारची अपॉइंटमेंटच घेऊन टाकली होती! या उपायांची कीर्ती का टिकली ते समजून घेतलं की चिडचिड कमी होते. दूषित पाण्याने होणारी साधी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. तेवढ्यात माळही लांब झालेली असते आणि क्रेडिट तिला मिळतं. पित्तनलिकेतला अडथळा माळेने सुटत नाही.

माळेने निदान नुकसान तरी होत नाही. पोटात घ्यायच्या काढ्यांचं तसं नाही. मुंबईतल्या लिव्हरतज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंट्सची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद आपण सोडवू शकत नाही, पण आधीच आजारी असलेल्या लिव्हरवर प्रयोग नको, हे ठरवू शकतो. ‘नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही’ म्हणणाऱ्यांना मी आता गोड हसून ‘डॉक्टरांना विचारते हं’ म्हणते आणि पुडी कपाटात ठेवते.

खाण्याचं पथ्य हाही एक स्वतंत्र अत्याचार. ‘हळद बंद करा, पिवळं नको’ असं निम्मं गाव सांगतं. हळदीच्या पिवळेपणाचा आणि काविळीचा काहीही संबंध नाही. ‘डाळ, अंडी जड, नुसती पेज द्या’ हा सल्ला तर घातकच. सिरॉसिसमध्ये शरीर स्वतःचे स्नायू खाऊ लागतं, म्हणून प्रोटीन कापायचं नसतं. दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम लागतं, आणि रात्री झोपताना काहीतरी खायला द्यायचं म्हणजे लांब उपास घडत नाही. आमच्याकडे अकरा वाजता दूध आणि राजगिऱ्याची वडी असते. पोटात पाणी साठायला लागलं की कापायचं असतं ते मीठ. इथे मराठी घराची खरी परीक्षा! पापड, लोणचं, चिवडा, फरसाण, शिवाय पावातसुद्धा मीठ असतं, ते कुणाच्या लक्षात येत नाही.

सही बदलली तर

आमच्याकडे जे अजून झालेलं नाही, तेही सांगायला हवं. ओपीडीत ओळख झालेल्या कराडच्या एका ताईंकडून मी ते ऐकलं. त्यांचे मिस्टर दिवसभर झोपायचे आणि रात्रभर घरात फिरायचे. शांत माणूस, भाजीवाल्यावर ओरडायला लागला. मग बँकेतून चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. घरच्यांना वाटलं, डिप्रेशन. ते होतं लिव्हरचंच. लिव्हर थकलं की अमोनियासारखी द्रव्यं रक्तात साठतात आणि मेंदूवर परिणाम करतात. झोपेची वेळ उलटी होते, अक्षर बदलतं, हात पुढे धरायला सांगितले तर पंजे फडफडतात. यावर लॅक्टुलोज नावाचं गोड सिरप देतात. दिवसातून दोन-तीनदा पोट साफ होईल इतका डोस. बद्धकोष्ठ झालं की माणूस पुन्हा बिघडतो. ताई रोज सकाळी मिस्टरांकडून वहीत एक ओळ लिहून घेतात, अक्षर बघायला. हे पेशंटच्या स्वतःच्या लक्षात येत नाही. म्हणून डॉक्टरांच्या केबिनमध्ये जोडीदाराने आत जायचंच, बाहेर मोबाइल बघत बसायचं नाही.

दुसरी भीती कॅन्सरची. पीएससीमध्ये पित्तनलिकेच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. म्हणूनच ठराविक काळाने एमआरसीपी, पित्ताशयाची सोनोग्राफी आणि कोलायटिस असेल तर दरवर्षी कोलोनोस्कोपी. निदान झाल्यावरच्या पहिल्या रात्री मी जे करायला नको ते केलं, म्हणजे सर्च! आणि सापडली ती एलेना बाल्टाचा. ब्रिटनची नंबर वन राहिलेली टेनिसपटू. एकोणिसाव्या वर्षी पीएससीचं निदान, त्यानंतर एवढं करिअर. २०१३ च्या अखेरीस तिने आपल्या कोचशी, निनो सेवेरिनोशी लग्न केलं, २०१४ च्या जानेवारीत लिव्हरचा कॅन्सर निघाला आणि मे महिन्यात, वयाच्या तिसाव्या वर्षी ती गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी नवऱ्याने त्याच्या सर्चमध्ये सापडलेला माणूस दाखवला. क्रिस क्लग, अमेरिकन स्नोबोर्डर. आजार हाच. २००० मध्ये लिव्हर ट्रान्सप्लांट, आणि २००२ च्या सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ब्राँझ. दोघंही खरे. कुठला कधी आठवायचा, ते दिवसावर अवलंबून.

देणार कोण?

त्याचा रक्तगट बी पॉझिटिव्ह, माझा ओ. ओ गटाचं लिव्हर बाकी गटांनाही चालतं. हे कळलं त्या दिवशी डायनिंग टेबलावर क्षणभर कुणी बोललं नाही. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे आल्या आणि लगेच भाजीकडे गेल्या. सासूबाई म्हणाल्या, ‘मी देते ना!’ त्यांचं वय ६३, त्यांना डॉक्टर घेणार नाहीत. दीर न्यू जर्सीत. माझी आई काहीच बोलली नाही. रात्री तिचा फोन आला, ‘जेवलीस का?’ एवढंच विचारलं आणि बराच वेळ फोन ठेवला नाही.

आमच्या डॉक्टरांच्या मते ट्रान्सप्लांटची वेळ अजून आलेली नाही. तरीही मी सगळं विचारून घेतलं. लिव्हर वाढतं, हे खरंच आहे. दात्याचा साधारण उजवा भाग काढतात, निदान ३० टक्क्यांच्या वर त्याच्याकडे राहील असं बघतात, आणि काही आठवड्यांतच ते पुन्हा जवळपास पूर्वीच्या आकाराचं होतं. पण ऑपरेशन मोठं आहे. दात्याच्या मृत्यूचा धोका कमी असला तरी शून्य नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुण्यातच एका पत्नीने नवऱ्याला लिव्हरचा भाग दिला आणि काही दिवसांच्या अंतराने दोघंही गेले. ती बातमी आमच्या घरात कुणी मोठ्याने वाचली नाही. पेपर मात्र प्रत्येकाने वेगवेगळा उघडला.

एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेच्या, म्हणजे नोटोच्या माहितीनुसार २०१९ ते २०२३ या काळात भारतात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांमध्ये जवळपास ६४ टक्के बायका होत्या. बायको, आई, बहीण. प्रेमाने दिलं असणार, यात शंका नाही. पण ‘कमावता तो आहे’ हे वाक्य किती घरांत, किती हळू आवाजात बोललं गेलं असेल? कायद्याला हे ठाऊक असावं. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात नवरा-बायको ‘जवळच्या नातेवाइकां’त येतात. लग्नाचं सर्टिफिकेट, फोटो वगैरे पुरावे बघतात, मुलाखतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं. आणि दाता बाई असेल तर तिची संमती खरंच तिची आहे का, याची जास्त काळजीने खात्री करावी, असं २०१४ च्या नियमांमध्येच लिहिलंय. रक्तगट जुळत नसेल तर अशाच दुसऱ्या जोडप्याबरोबर अदलाबदल करायलाही २०११ च्या दुरुस्तीने वाट दिली आहे. ब्रेन डेड दात्याकडून लिव्हर हवं असेल तर हॉस्पिटलमार्फत यादीत नाव लागतं. आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशी विभागीय केंद्रं आहेत.

मी हो म्हटलंय. आणि डॉक्टरांना एकटीने भेटून ‘ऐनवेळी मला नाही म्हणायचं असेल तर?’ हेही विचारलं. तेव्हा तुमचं कारण घरी कळू दिलं जाणार नाही, तुम्ही मेडिकली अनफिट आहात एवढंच सांगू, असं ते म्हणाले. नवऱ्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, ‘बरं झालं विचारलंस.’

पैशाचं जरा पटकन सांगते. खाजगी हॉस्पिटलमध्ये ट्रान्सप्लांटला वीस-तीस लाखांचा अंदाज धरावा लागतो, आणि त्यानंतरची औषधं आयुष्यभर. कंपनीची ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर जाते, त्यामुळे ‘कंटाळा आला, पेपर टाकतो’ हे वाक्य आमच्या घरात आता नाही. स्वतःची पॉलिसी असेल तर आधीपासून असलेल्या आजारासाठीचा वेटिंग पीरियड बघा. तो २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं केलाय. दात्याचा खर्च कव्हर होतो का, हेही वाचा. मी फ्रीलान्सर, माझी मिळकत महिन्यागणिक बदलते. मी दाता झाले तर दोघांचीही कमाई एकाच वेळी थांबणार, हे गणित कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं. त्यासाठी वेगळी आरडी सुरू केली आहे.

आणि लोकांनी काय करावं? ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका. सांगायला लागणारी एनर्जीच नसते. त्याचा कॉलेजमधला एक मित्र दर तीन महिन्यांनी, ब्लड टेस्टच्या सकाळी गाडी घेऊन खाली उभा असतो. तब्येतीचा विषय काढत नाही, वाटेत फक्त क्रिकेट. माझी मैत्रीण नातेवाइकांच्या ग्रुपवर अपडेट टाकते, म्हणजे मला एकच गोष्ट अठरा वेळा सांगावी लागत नाही. मी महिन्यातून एक रविवार पूर्ण बाहेर असते. फोन चालू ठेवते, पण तो करत नाही.

पुढची एमआरसीपी नोव्हेंबरमध्ये आहे. डिसेंबरसाठी गुहागरचं बुकिंग केलंय, फ्री कॅन्सलेशनवालं. चिपळूणला कुठे जायचं, तिथे नाही जमलं तर कोल्हापुरात ईआरसीपी कोण करतं, दोन्ही नंबर सेव्ह आहेत. सुती चादर घरूनच नेणार.